चोवीस सुऱ्यांची मऊ आच

८ फेब्रुवारी

ही वही खरं तर स्टीलच्या नोंदींसाठी आणली. किती अंशांवर तापवलं, किती वेळ ठेवलं, पुढे काय झालं, एवढंच लिहायचं होतं. पण पहिल्याच पानावर आकडे सोडून भलतंच लिहायला बसले आहे. चौदा वर्षं चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत बसून लोकांच्या काचा घासल्या. तिथे बोलायला कुणी नसायचं, त्याची भरपाई बहुतेक आता चालू आहे.

आज रुग्णालयाच्या स्वयंपाकघराच्या मुख्य बाई आल्या होत्या. त्यांना तिथे सगळे मोठ्या बाई म्हणतात, आणि त्या दारातून आत आल्या की का म्हणतात ते कळतं. मामांच्या हातच्या सुऱ्या त्या बारा वर्षं वापरताहेत. आता तपासनिसांचा नवा नियम आलाय, गंजणारी सुरी तिथे चालणार नाही. मामांच्या सुऱ्या साध्या पोलादाच्या. लिंबू चिरून तशीच ठेवली की तासाभरात काळी पडते. बाईंना धार मामांचीच हवी आणि डाग मात्र नको. चोवीस सुऱ्या, मार्च संपेपर्यंत.

मामांनी तोंड कडू केलं. स्टेनलेस म्हणजे भांड्यांचं लोखंड, त्याला कसली आलीय धार, हे त्यांचं चाळीस वर्षांचं मत. ते नाही म्हणणार इतक्यात मी मध्ये तोंड घातलं आणि म्हटलं, "करू आम्ही." मामा माझ्याकडे बघतच राहिले. त्यांच्या हाताखाली येऊन मला तीन वर्षं झाली. गिऱ्हाइकासमोर 'आम्ही' म्हणायची ही पहिलीच वेळ. बाई गेल्यावर मामी म्हणाली, "बघा, भाची भागीदार झाली." ती हे कौतुकाने म्हणाली की चिमटा काढला, मला तिचं कधीच कळत नाही.

११ फेब्रुवारी

स्टीलवाला तीन पट्ट्या घेऊन आला. त्याला आम्ही रेडिओ म्हणतो, कारण एकदा चालू झाला की बंद करायचं बटण सापडत नाही. पहिली पट्टी स्वस्त आणि मऊ, जन्मात गंजणार नाही म्हणाला. दुसरी ४४० सी, कार्बन भरपूर, क्रोमियम भरपूर, धार महिनाभर हलणार नाही. तिसरी मूळची दाढीच्या पात्यांसाठी काढलेली, बारीक कणांची. तिच्याबद्दल तो फारसं बोललाच नाही. त्याच्या मते डोळे झाकून दुसरी घ्यावी.

मामांनी तिन्ही पट्ट्या हातात तोलल्या, कानशीने एकेक ओरखडा काढला आणि तिन्ही मला परत दिल्या. म्हणाले, तुझं तू निवड, मी फक्त आच बघेन.

इथे ते आचेचं लिहून ठेवते. पातं दोनदा तापवावं लागतं. पहिल्यांदा इतकं की ते नारिंगी होतं आणि मग एकदम थंड करायचं, म्हणजे ते कडक होतं. ही मोठी आच. पण कडक झालेलं पातं ठिसूळ असतं, पडलं तर तुटतं. म्हणून ते पुन्हा कमी उष्णतेवर दोन तास ठेवायचं. ही मऊ आच. ही नावं मामांची. स्टेनलेसला मोठी आच हजाराच्या वर लागते आणि मऊ आच एकशे ऐंशी. आमची विजेची भट्टी एका मातीकाम शिकवणाऱ्या बाईंकडून जुनी घेतलेली आहे. खालचे आकडे ती नीट दाखवते, पण हजाराच्या पुढे तिचा काही भरवसा नाही. तिथे मामा भट्टीच्या दारातल्या भोकातून बघतात आणि रंगावरून "काढ" म्हणतात. त्यांची नजर सगळ्यांना माहीत आहे. लोक लांबून आपली पाती घेऊन येतात ते त्या एका शब्दासाठी.

म्हणून ठरलं असं की मोठी आच मामांची आणि मऊ आच माझी.

२७ फेब्रुवारी

तिन्ही पट्ट्यांची एकेक सुरी करून मामीच्या हवाली केली होती. (एकेकच असल्याने मऊ आच मामीच्या ओव्हनमध्येच दिली. पावाच्या जागी सुरी बघून तिने कपाळाला हात लावला.) दहा दिवस तिने त्यांच्यावरच सगळं चिरलं. आज निकाल.

पहिली चौथ्या दिवशी बोथट. टोमॅटो दाबला जातो, कापला जात नाही म्हणाली. दुसरीची धार खरोखर टिकली, पण सातव्या दिवशी भोपळ्याला लागून टवका उडाला आणि मग आमच्या धारेच्या दगडावर घासून घासून मामीचे हात दुखले तरी धार लागेना. तिसरी रोज थोडी उतरते, पण दगडावर दहा हात मारले की पुन्हा पहिल्यासारखी. डाग एकीलाही नाही.

मी रुग्णालयात जाऊन मोरीजवळचा त्यांचा दगड बघून आले. साधाच आहे, मधे झिजून खोलगट झालेला. तिथे ४४० सी दिली तर आठ दिवसांत सगळ्या सुऱ्या खणात जातील आणि तिथल्या बायका घरच्या सुऱ्या आणतील. तेव्हा तिसरी. रेडिओला फोन करून सांगितलं तर तो अर्धा तास मला समजावत होता. मी ऐकलं नाही. मामा म्हणाले, "बरोबर निवडलंस." एवढंच, पण मी दिवसभर तरंगत होते.

१४ मार्च

आज चोवीस पाती तापवली. सकाळी आठपासून, चार चार करून. मामा स्टुलावर बसून भोकाला डोळा लावून होते, मी हातमोजे घालून तयार. ते "काढ" म्हणाले की मी पातं काढून ॲल्युमिनियमच्या दोन जाड लाद्यांमध्ये दाबायची. दुपारी दोनपर्यंत सगळी झाली. एकही वाकलं नाही. कानस लावली तर नुसती घसरत होती, म्हणजे कडक झाली. मामा थकले होते, जेवून आडवे झाले. मी पाती बर्फात ठेवली आणि भट्टी एकशे ऐंशीवर लावून निवायची वाट बघत बसले.

चष्म्याच्या दुकानातल्या मैत्रिणीचा फोन आला. तिला सगळं सांगितलं, रुग्णालय, चोवीस सुऱ्या, स्टील मी निवडलं ते. ती म्हणाली तू आता आम्हाला ओळखणार नाहीस. छान वाटलं. मधेच साडेतीनला पाती भट्टीत ठेवली. मामी दोनदा डोकावून गेली, भट्टीजवळ उभं राहवत नाही म्हणाली. तिला उकाडा सहनच होत नाही.

साडेपाचला काढली. रंग जरा गडद आला. पॉलिश पेपरवर निघाला सगळा. मामा उठायच्या आत घासून झाली होती, चकाचक.

३० मार्च

सुऱ्या पोचवल्या. मामांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. मोठ्या बाईंनी तिथल्या तिथे एक कोबी चिरून बघितला आणि ती सुरी आपल्या एप्रनला लावून ठेवली, बाकीच्या वाटल्या. परतताना मामा म्हणाले, भांड्यांच्या लोखंडाने या वयात मला शिकवलं. फार खूश होते. मीही खूश असायला हवं होतं. होतेच.

१९ एप्रिल

मोठ्या बाई आल्या. हातात टॉवेलची गुंडाळी. टेबलावर उलगडली, त्यात सात सुऱ्या. पात्यांवर तपकिरी ठिपके, मिरी सांडावी तसे. धारही वळलेली. काल तपासनीस आले होते, त्यांनी चोवीसच्या चोवीस बाजूला काढायला लावल्या आणि सगळ्यांसमोर बाईंना विचारलं की हेच का तुमचं स्टेनलेस. बाई ओरडल्या नाहीत. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

नेमका रेडिओ तिथेच होता. त्याला आयतं मैदान मिळालं. स्टील माझं चोख आहे, तो म्हणाला, ज्या पट्टीतून भाचीबाईंनी नमुन्याची सुरी केली त्याच पट्टीचं आहे. असे ठिपके दोनच कारणांनी येतात. मोठी आच कमी पडली तर, नाहीतर मऊ आच जास्त झाली तर. मग तो गप्प बसला. रेडिओ गप्प बसलेला मी पहिल्यांदा बघितला.

मामांनी चष्मा लावून एक सुरी खिडकीशी नेली. बराच वेळ बघत होते. "मोठी आच माझी," म्हणाले. मग माझ्याकडे वळून विचारलं, "मऊ आच किती होती?"

"एकशे ऐंशी," मी म्हटलं.

मामांनी मान हलवली. बाईंकडे वळून म्हणाले, की मग चूक माझ्या नजरेची आहे, तुमचा अपमान माझ्यामुळे झाला, माफ करा. अडुसष्ट वर्षांच्या माणसाने हात जोडले. मी टॉवेलची घडी घालत होते.

एकशे ऐंशीच तर लावली होती.

२० एप्रिल

काही लिहिण्यासारखं नाही.

२३ एप्रिल

मामांनी काम थांबवलंय. सकाळी उठतात, चहा घेतात आणि पुढच्या पायरीवर बसतात. परवा एक माणूस दोन तासांचा प्रवास करून पातं घेऊन आला, त्याला त्यांनी परत पाठवलं. म्हणाले, माझ्या डोळ्यांवर आता विसंबू नका. तो माणूस जाईना, तेव्हा मामा स्वतः उठून आत निघून गेले.

मी बाईंना सांगून आलेय की सगळ्या सुऱ्या नव्याने करून देऊ. त्या बरं म्हणाल्या, पण मामांबद्दल हळू आवाजात विचारलं, तब्येत बरी आहे ना त्यांची, असं. जसं एखाद्याचं डोकं ठिकाणावर नसल्यावर विचारतात.

सांगायचं आहे मला. पण आत्ताच सांगितलं तर चोवीसच्या चोवीस सुऱ्या बाई दुसरीकडून घेतील. म्हाताऱ्याची नजर चुकली हे त्या समजून घेतात, पण भाचीचं लक्ष नव्हतं हे कोण समजून घेईल? एकदा नव्या सुऱ्या पोचल्या की सांगेन. थोड्याच दिवसांचा प्रश्न आहे.

२८ एप्रिल

मामी आज जेवताना म्हणाली, "माझ्या सुरीला का नाही आला डाग?" नमुन्याची तिसरी सुरी तिच्याकडेच आहे. रोज वापरते, रात्रभर मोरीत पडते, तरी लख्ख. मामा म्हणाले, एखादी बरोबर लागते. मी म्हटलं, हो, एकच होती ना, नशिबाने साधली असेल.

मामीने माझ्या ताटात न विचारता भात वाढला आणि मग वाढतच राहिली. हल्ली तिचं काहीतरी बिनसलंय. ओव्हनमध्ये सुऱ्या घातल्या त्याचा राग अजून गेला नसेल.

३ मे

मामांनी डोळे तपासून घ्यायचे म्हटलं. माझ्याच जुन्या दुकानात. मला म्हणाले, तू चल बरोबर, तुझ्या ओळखीचे आहेत ते, नीट बघतील.

गेले. खुर्चीच्या बाजूला उभी राहिले. त्यांनी शेवटच्या ओळीपर्यंत सगळी अक्षरं वाचली. मग रंगीत ठिपक्यांची वही काढली, ज्यात ठिपक्यांत आकडे लपलेले असतात. एकही आकडा चुकला नाही. चष्मेवाले म्हणाले, या वयाच्या मानाने फारच उत्तम, नंबरसुद्धा बदलायला नको. मामा मला हळूच म्हणाले, "ठिपके ओळखणं वेगळं आणि आच ओळखणं वेगळं. यांना काय कळतंय." वर चष्मेवाले फी घेईनात म्हणून उगाचच एक थेंबांची बाटली विकत घेतली. परत येताना विचारत होते, समोरची पाटी हिरवी आहे ना? दुकानाचं दार निळंच ना? आणि सगळं बरोबर सांगत होते. मी प्रत्येक वेळी हो म्हणत होते.

मी त्यांचा हात धरून रस्ता ओलांडला. त्यांना धरायची काही गरज नव्हती.

१६ मे

भट्टीला वरचे आकडेही नीट दाखवणारा नवा सेन्सर बसवून घेतला. चोवीस पाती पुन्हा केली. या वेळी दोन्ही आचा आकड्यांवर. मऊ आचेच्या वेळी दोन तास भट्टीसमोरून हलले नाही, फोन घरात ठेवला होता. रंग यायला हवा तसा आला, वाळल्या गवताचा, फिका.

तेव्हा कळलं की फिका म्हणजे किती फिका.

२५ मे

सुऱ्या देऊन आठवडा झाला. आज बाईंनी बोलावून घेतलं. आठ दिवस मुद्दाम ओल्याच ठेवून बघितल्या म्हणाल्या, एकही ठिपका नाही. तपासनिसांनी सही केली. मग सगळ्या बायकांसमोर माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, म्हातारबांना दुखवायचं नाही हो, पण आता तुम्ही यंत्रावर करायला लागलात ते चांगलं केलंत.

सांगायचं हेच ठिकाण होतं. तोंड उघडलंसुद्धा. आणि म्हटलं, "थँक यू."

घरी आले तर मामांना आधीच कळलं होतं. पायरीवरून उठून त्यांनी माझं अभिनंदन केलं. आकडे खोटं बोलत नाहीत, म्हणाले, मी उगाच इतकी वर्षं भोकातून बघत बसलो. आणि आपली सांडशी मला दिली, त्यांच्या हाताच्या मापाने वाकवलेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी घेतली.

२६ मे

लिहून तरी टाकते. इथे कोण बघतंय.

भट्टीवर दोन आकडे दिसतात. हिरवा म्हणजे आपण मागितलेला, लाल म्हणजे आत खरोखर असलेला. त्या दिवशी मी हिरवा बघितला. फोनवर बोलत बोलत बघितला, एकशे ऐंशी दिसलं आणि पाती आत सरकवली. भट्टी तेव्हा निवलीच नव्हती. काढताना लाल आकड्याकडे लक्ष गेलं. दोन तासांनंतरही चारशे तीस होता. ठेवताना पाचशेच्या वर असणार. पाती वांग्यासारखी जांभळी झाली होती.

म्हणजे मला त्याच दिवशी कळलं होतं. १४ मार्चचं पान आत्ता पुन्हा वाचलं. 'रंग जरा गडद आला.' स्वतःच्या वहीतसुद्धा मी पॉलिश पेपर मारून ठेवलाय. मामा उठायच्या आत घासून झाली, हेही लिहिलंय, जसं काही मी कामसू आहे म्हणून. मऊ आचेनंतर पुन्हा कानस लावून बघितली होती, थोडी धरत होती, पण म्हटलं चालेल. चालेल असं मला वाटलं नव्हतं. चालावं असं वाटलं होतं. चोवीस पाती पुन्हा करायची, मामांना उठवून सांगायचं की मी फोनवर फुशारकी मारत होते, हे नको होतं.

आणि १९ एप्रिलला त्यांनी विचारलं तेव्हा मी जे सांगितलं ते हिरव्या आकड्याने खरंच होतं. ही अक्कल मला त्या एका क्षणात कुठून सुचली?

उद्या सांगणार.

३१ मे

उद्याची ही पाचवी उद्या. आज मामांनी शेजारच्या माणसाला आपली ऐरण घेऊन जा म्हणून सांगितलं. तो म्हणाला, बघतो, गाडीची सोय झाली की नेतो.

१ जून

सांगितलं.

दुपारी चहाच्या वेळी, मामीसमोर. थांबले तर पुन्हा जीभ रेटणार नाही म्हणून एका दमात सांगितलं, हिरवा आकडा, लाल आकडा, फोन, जांभळा रंग, पेपर. मामांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग हसले. माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"मला बरं वाटावं म्हणून स्वतःवर घेतेस होय? वेडी आहेस. मी इतका खचलेलो नाही."

मी म्हटलं, मामा, खरंच सांगतेय. ते म्हणाले, खरं असतं तर तू त्याच दिवशी सांगितलं असतंस, मी ओळखतो ना तुला. आणि मामीला म्हणाले, बघितलंस, बहिणीची पोर पण पोटच्या पोरीसारखी. त्यांचे डोळे भरून आले होते. मामी उठून आत गेली. आत भांडी आपटल्याचा आवाज आला.

मी खोटं बोलले तेव्हा त्यांनी लगेच विश्वास ठेवला, आणि आता खरं सांगतेय तर मला चांगली मुलगी म्हणताहेत. आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नाही. जमिनीने गिळलं असतं तर बरं, असं लोक म्हणतात ना, ते अगदी तसंच वाटतं.

स्वयंपाकघरात गेले. मामी पाठमोरी भांडी विसळत होती. न वळता म्हणाली, की दीड महिना तू त्यांना पटवलंस की ते आंधळे झालेत, आता एका चहात ते कसे डोळस होतील.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"मी दोनदा आले होते ना त्या दिवशी. एकशे ऐंशीची धग मला ओव्हनची माहीत आहे."

मग सांगितलं का नाहीस, हे मी विचारलं नाही. तीच म्हणाली, "ते मी सांगायचं नव्हतं. तुझं होतं. आता त्यांना करून दाखव."

३ जून

त्याच स्टीलचा हातभर तुकडा उरला होता. दोन पट्ट्या कापल्या. नव्या सेन्सरच्या आकड्यावर चिकटपट्टी लावली आणि मामांना म्हटलं, मोठी आच तुम्ही बघा. ते नाही म्हणाले. दोनदा नाही म्हणाले. मामी दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "माझ्यासाठी बघा." लग्नाला बेचाळीस वर्षं झाली, तिने असं काही मागितलेलं मी तरी बघितलं नाही. मामा उठले.

त्यांनी भोकाला डोळा लावला. बराच वेळ गेला, मधे त्यांनी दोनदा डोळे पुसले. मग म्हणाले, "काढ." मी पट्ट्या काढून लाद्यांमध्ये दाबल्या आणि चिकटपट्टी काढली. एक हजार सत्तर. रेडिओने दिलेल्या कागदावर हाच आकडा आहे. मामांनी कागद बघितला, आकडा बघितला, पुन्हा कागद बघितला.

पहिली पट्टी मामीच्या ओव्हनमध्ये एकशे ऐंशीवर ठेवली. दुसरीसाठी मामांना भट्टीसमोर बसवलं. हिरवा आकडा एकशे ऐंशी, लाल पाचशे वीस. बोट लावून दाखवला. "इतका होता तेव्हा मी ठेवली," म्हटलं, आणि ठेवली. दोन तास आम्ही तिघं तिथे बसलो. मला वाटतं माझ्या आयुष्यातले सगळ्यात लांब दोन तास ते.

काढली. जांभळी. मग मी त्यांच्यासमोर पॉलिश पेपर घेतला आणि त्या दिवशी जशी घासली तशी घासली. सगळा रंग निघेपर्यंत. ते माझ्या हातांकडे बघत होते, पट्टीकडे नाही. तेव्हाच त्यांना पटलं असणार.

तरी दोन्ही पट्ट्या मिठाच्या पाण्यात घालून ठेवल्या.

४ जून

सकाळी बरणी टेबलावर आणली. एक पट्टी स्वच्छ. दुसरीवर ठिपके.

मामांनी ठिपक्यांची पट्टी बाहेर काढून फडक्याने पुसली. मी वाट बघत होते, ओरडतील, हाकलतील. ते म्हणाले, "चष्मेवाल्याकडे तू माझ्या शेजारी उभी होतीस."

"हो."

"मी आकडे वाचत होतो आणि तू ऐकत होतीस."

"हो, मामा."

मग म्हणाले, की बाईंना, रेडिओला आणि परत पाठवलेल्या त्या माणसाला, तिघांनाही तू स्वतः जाऊन सांगायचं. मी येणार नाही बरोबर. आणि रडायचं नाही तिथे, नाहीतर ते तुझीच समजूत काढत बसतील.

५ जून

रेडिओला फोनवर सांगितलं, तो म्हणाला, मला अंदाज होता. एवढंच म्हणून त्याने फोन ठेवला. त्या माणसाकडे बसने जाऊन आले, दोन तास जायला, दोन तास यायला. त्याचं पातं मागून आणलं.

मोठ्या बाईंना सगळ्या बायकांसमोर सांगितलं, कारण माझं कौतुक त्यांनी सगळ्यांसमोर केलं होतं. बाई गाजर चिरत होत्या, चिरत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, म्हणजे म्हातारबांचं बरोबर होतं आणि त्यांनी माझ्यापुढे हात जोडले. मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, मी उद्या येऊन त्यांना भेटते. एका बाईने पुढ्यातली सुरी उचलली, उलटसुलट करून बघितली आणि पुन्हा कामाला लागली. रडले नाही. बाहेर येऊन भिंतीला टेकून उभी राहिले.

७ जून

काल बाई येऊन गेल्या. मामांशी तासभर बोलल्या. मी वर माझ्या खोलीत होते, मला कुणी बोलावलं नाही.

आज सकाळी खाली उतरले तर भट्टी चालू होती. मामा स्टुलावर, त्या माणसाचं पातं तापत होतं. दुसऱ्या स्टुलावर चष्मा लावून मामी बसली होती. मी काय करू, असं विचारलं. मामांनी माझ्याकडे न बघता सांगितलं, की कोपऱ्यात धार लावायच्या दहा सुऱ्या पडल्यात, त्या घे. मऊ आच मामी बघेल. वर्षभर मी तुझ्या हातात मऊ आच देणार नाही.

मी बरं म्हटलं आणि दगड भिजवून बसले. अपमान वाटत होता, आणि वाटायलाच हवा होता. चौथ्या सुरीवर होते तेव्हा ध्यानात आलं, की ते 'वर्षभर' म्हणाले. म्हणजे वर्षभर ते काम करणार आहेत.